भागूआजींचा फोटो, क आणि ख

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
१२ जानेवारी २०२६

ती. सुलेखा आत्यास,
सा. नमस्कार.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की ते फुकटातलं सॉफ्टवेअर माझ्या कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइली उघडत नाही. ते खरं नाही. ते उघडतं. मला उघडता येत नव्हतं. जुनी आवृत्ती घेतली होती मी. त्या एका वाक्यावरून तू 'मग ते सोडून दे' असं मनाशी ठरवलं असशील, म्हणून हे पहिल्या ओळीतच लिहिते.

कच्ची फाइल म्हणजे काय, असं तू विचारलं होतंस. कॅमेऱ्यानं जे पाहिलं ते सगळं, काहीही न शिजवता, तसंच्या तसं ठेवलेलं. त्यातून फोटो आपण करायचा. किती उजेड, कुठला रंग, काय कापायचं, हे सगळं आपण ठरवायचं. मला हेच आवडतं आणि ह्याचीच भीती वाटते.

आता माझ्यापुढे तीन वाटा आहेत. पहिली, हे फुकटातलं. लोकांनी मिळून केलेलं, वापरायला किचकट, पण आपल्या जुन्या लॅपटॉपवर कसंबसं चालतं. दुसरी, दरमहा भाड्याचं. त्यात सगळं सोपं, एका बटणात. महिनाभर फुकट वापरून बघता येतं. तिसरी, एकदाच विकत घ्यायचं. ते मला झेपेल, पण त्याला हवा तसा लॅपटॉप झेपणार नाही. चौथी वाट ऋतुराजनं दाखवली. तो आमच्या कंपनीत माझ्या शेजारच्या टेबलाला असतो. म्हणाला, "भाड्याचंच घे, पण चोरीचं. पेनड्राइव्ह दे, उद्या भरून आणतो." मी नको म्हटलं तर म्हणाला, "तनुजा, तू झेरॉक्सवाल्याला पण विचारत असशील, दादा, लेखकाची परवानगी आहे का?" सगळे हसले. मी खरंच एकदा विचारलं होतं, ते मी सांगितलं नाही.

हा सगळा विचार भागूआजींच्या फोटोसाठी आहे. दिवाळीत मी तुमच्या ओसरीवर काढला तो. तुझ्या ह्या सासूबाई तेव्हा काय म्हणाल्या ते मला रोज ऐकू येतं. आजोबांच्या भिंतीवरच्या फोटोकडे बोट करून म्हणाल्या, "ह्यांच्या अंगात दुसऱ्याचाच कोट हाये. मेल्यावर फोटूवाल्यानं घातला. जन्मात कोट नव्हता त्यांना. मी रोज इचारते, कुनाचा हो? माझा फोटू मी जित्ती असताना बघनार."

आणि त्यांच्या काचबिंदूचं डॉक्टरांनी सांगितलं आहेच, गेलेली नजर परत येत नाही. म्हणजे फोटो लवकर हवा, आणि बरोबर हवा. लवकर आणि बरोबर हे दोन्ही मला एकदम जमत नाही, हे तुला माहीत आहे.

कोणतं घेऊ?

तुझी,
तनुजा

*

फर्दापूर
१७ जानेवारी २०२६

चि. तनुजास,
अनेक आशीर्वाद.

तीळगूळ मिळाला. अर्धा वाटेत फुटला, तरी गोड लागला.

दम्यानं तू शाळेत जात नव्हतीस आणि मी पडेगावच्या ओट्यावर तुला शिकवायची, तेव्हाही तू हेच करायचीस. बेरीज बरोबर यायची आणि तू तीच बेरीज खालून वर करून बघायचीस. मग शंका पत्रात लिहून विचार असा नियम मी केला. तोंडी विचारलंस की माझ्या तोंडाकडे बघून मान हलवायचीस. तो नियम अजून चालू आहे हे बरं आहे.

मला सॉफ्टवेअरमधलं काही कळत नाही. चार खोल्या पाहुण्यांना भाड्यानं देते, तेवढं कळतं. म्हणून विचारते. भाडं थांबवलंस तर तुझं सामान आत राहतं की बाहेर येतं? म्हणजे तू केलेले फोटो पुढे उघडतील का? दुसरं, पाच वर्षांनी तुला कळेल का, की तू कोणत्या फोटोत काय काय बदललं होतंस? आणि तिसरं, हे तुझ्यासाठी चाललंय की सासूबाईंसाठी? सासूबाईंसाठी असेल तर त्यांनाच विचारू.

असं कर. दोन्हीतून एकेक फोटो तयार कर. कागदावर छापून पाठव. फोनवर पाठवू नकोस, आमच्या फोनच्या पडद्यावर म्हैससुद्धा गोरी दिसते. मागे फक्त क आणि ख लिही. कुठला कशातला, ते मला सांगू नकोस. मग मी बाजू घेणार नाही.

सासूबाईंना सकाळी ओसरीवर ऊन असतं तेव्हाच दिसतं, तेही डाव्या डोळ्यानं, जवळ धरून. बाकी त्या आहेत तशाच. कमरेला खोल्यांच्या किल्ल्यांचा जुडगा, आणि बाजेवर बसून हुकूम. परवा एक परदेशी जोडपं आलं, त्यांना म्हणाल्या, "ये बाबा, चपला भाईर काढ, लेणी तिकडं हायेत, हितं घर हाये." त्यानं निमूट काढल्या.

तुझी,
आत्या

*

पडेगाव
२४ जानेवारी २०२६

ती. आत्यास,
सा. नमस्कार.

सोबत दोन फोटो. मागे पेन्सिलीनं क आणि ख लिहिलंय, पेनाची शाई पुढे उमटेल अशी भीती वाटली.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. भाडं थांबवलं तर तयार फोटो आपलेच राहतात, पण त्यांवर पुन्हा काम करता येत नाही. हे मी तीन ठिकाणी वाचलं आणि तिन्हीकडे थोडं वेगळं होतं. दुसऱ्याचं उत्तर असं, की दोन्हीत बदलांची नोंद राहते आणि मूळ फाइल तशीच राहते. फुकटातल्यात प्रत्येक बदल मला हातानं करावा लागतो, म्हणून तो लक्षात राहतो. भाड्याच्यात एक 'आपोआप' नावाचं बटण आहे. ते दाबलं की सॉफ्टवेअर स्वतःच बघतं, हा माणसाचा चेहरा आहे, उजेड एवढा हवा, आणि करून टाकतं. मी ते दाबलं. एका क्षणात इतकं सुंदर झालं की मला ओशाळल्यासारखं वाटलं. दुसऱ्यावर मी पूर्ण रविवार घातला होता.

चेहऱ्याला मी हात लावलेला नाही. दोन्हीत फक्त उजेड आणि रंग बदलला आहे. हे मी मुद्दाम लिहिते, कारण आजींना दुसऱ्याचा कोट नको आहे.

छापायला गुलमंडीत गेले. दुकानदारानं दोन्ही शेजारी ठेवले आणि म्हणाला, "ताई, ये तो एकदम मस्त आया. दुसरे में अम्मा काली दिख री. थोडा गोरा कर देता ना मैं, दो मिनट का काम." मी म्हटलं, राहू द्या, तशाच आहेत त्या. तो म्हणाला, "सब ऐसाइच बोलते, बाद में वापस आते गोरा कराने." कोणता मस्त आणि कोणता काळा, ते तुला सांगत नाही.

तुझी,
तनुजा

*

फर्दापूर
३० जानेवारी २०२६

चि. तनुजास,
आशीर्वाद.

निकाल लागला. क.

काल सकाळी चांगलं ऊन आल्यावर दोन्ही फोटो त्यांच्या हातात दिले. ख डोळ्याजवळ धरून पाहिला, "बरा हाये" म्हणून माझ्याकडे परत केला. क मात्र हातात घेतला तो सोडलाच नाही. कितीतरी वेळ बोटानं चाचपत होत्या. मी नीट बघायला मागितला, तर दिला नाही. आपल्या पत्र्याच्या पेटीत लुगड्याच्या घडीखाली ठेवला आणि कुलूप लावलं. मी पाकिटातून काढताना पाहिला तेवढाच. छान गुळगुळीत आला होता.

तेव्हा जास्त उलटसुलट करू नकोस. ज्यातून क झाला ते घेऊन टाक.

बाकी इथं ठीक.

आत्या

*

पडेगाव
३ फेब्रुवारी २०२६

ती. आत्यास,
सा. नमस्कार.

आता सांगते. क भाड्याच्यातला, आपोआप बटणाचा. ख माझ्या हातचा.

मला वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण त्यांना आवडला तो आवडला. महिना संपायच्या आत भाडं भरायचं असं मी ठरवलं आहे. ऋतुराजला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे हरलीस." मी म्हटलं, भागूआजी जिंकल्या.

तरी एक शंका आहे. आजींना आवडलेला फोटो त्या भिंतीसाठी द्यायचं सोडून पेटीत का ठेवतील? त्यांना तर तो भिंतीवर हवा होता. आणि आवडलेला फोटो माणूस बघतो, चाचपतो कशाला? त्या नेमकं काय म्हणाल्या? तुझ्या शब्दांत नको, त्यांच्याच शब्दांत, जसंच्या तसं लिही. 'बाकी इथं ठीक' असं तू एका ओळीत लिहितेस तेव्हा बाकी ठीक नसतं, हे मी ओट्यावर असल्यापासून ओळखते.

तुझी,
तनुजा

*

फर्दापूर
१० फेब्रुवारी २०२६

चि. तनुजास,
आशीर्वाद.

तुझ्यापासून काही लपत नाही. तर ऐक.

त्यांचे शब्द हे होते. ख पाहून, "ही मी. लई काळी झाले की गं." आणि क पाहून, "आन् ही सत्यभामी! अगं सुलेखा, हिचा फोटू कुठं घावला पोरीला?"

मला वाटलं गंमत करताहेत, म्हणून तुला लिहिलं नाही. पण ते थांबलं नाही. रोज सकाळी पेटी उघडून त्या फोटोशी बोलतात. "सत्यभामे, कनगीत बसलीस ना, बस आता." यांच्या कानावर गेलं. हे बाजेपाशी बसले आणि म्हणाले, "आये, कोन सत्यभामी? हा तुझाच फोटू हाये." तर त्या यांच्याकडे बघून म्हणाल्या, "राजेंद्रा, तुला मावशी ठावं नाय, तू गप बस."

तू म्हणशील, ख तर ओळखला ना? मीही यांना तेच म्हटलं. पण हे म्हणतात, एकाच बाईचे एकाच दिवशीचे दोन फोटो, एकात स्वतः दिसते आणि दुसऱ्यात मेलेली बहीण, हे डोकं ठिकाणावर असल्याचं लक्षण आहे का? डोळे तर चाललेच आहेत, आता हेही. पाहुण्यांची सोन्यासारखी सामानं खोल्यांत असतात. उद्या एकाची खोली दुसऱ्याला उघडून दिली तर?

परवा किल्ल्या काढून घेतल्या. मीच घेतल्या, यांना हात लावू दिला नाही. वाटलं भांडतील. भांडल्या नाहीत. जुडगा कमरेचा सोडून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "पेटीची मातर देनार नाय." तेव्हापासून बाजेवर बसत नाहीत. आत भिंतीकडे तोंड करून पडून असतात. पाहुणे येतात, चपला घालून आत येतात, कुणी काही बोलत नाही.

सत्यभामा कोण, ते मी त्यांना विचारलं. त्यांच्या पाठची बहीण. त्यांचेच शब्द लिहिते. "गोंदनारीन आली व्हती. आयनं आमाला दोघींना बसवलं. मी मांडी घालून बसले, हुं का चुं केलं नाय. सत्यभामी पळाली, दान्याच्या मोकळ्या कनगीत जाऊन बसली. गोंदनारीन निघून गेली तवा भाईर आली, डोक्याला भुसा. आय म्हनली, भवाने, समदं हितंच ऱ्हातं, गोंदन तेवढं वर संगट येतं. तुला वर कोन वळखंल? मग लगीन झालं, जामनेरकडं दिली. पयल्या बाळंतपनात गेली. फोटू कुठला तिचा."

बघ, साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचं सगळं लख्ख आठवतं आणि हातातला फोटो कळत नाही. असंच होतं म्हणतात या वयात. भाडं भरू नकोस. दुसरा फोटो करू नकोस. आता कुणाला दाखवायचा?

आत्या

*

पडेगाव
१६ फेब्रुवारी २०२६

ती. आत्यास,
सा. नमस्कार.

आधी दुरुस्ती. २४ जानेवारीच्या पत्रात मी लिहिलं होतं, "चेहऱ्याला मी हात लावलेला नाही." मी लावला नव्हता, पण हात लागला होता. मी न बघता लिहिलं.

तुझं पत्र वाचून मी मूळ फाइल उघडली, आणि आजींचं कपाळ पडद्याएवढं मोठं केलं. भुवयांच्या मध्ये तीन ठिपके, हनुवटीवर एक. हिरवट, सुरकुत्यांत फिके झालेले. तू त्यांना रोज बघतेस म्हणून ते तुझ्या डोळ्यांत आपोआप असतात. फोटोत आहेत की नाहीत हे तू बघणार नाहीस. मीही बघितलं नाही, आणि मी कंपनीत तपासणी विभागात आहे.

मग ख उघडला. चारही ठिपके आहेत, उलट जरा गडद झालेत. मग क उघडला. कपाळ कोरं आहे. सुरकुत्या निम्म्या गेल्या, ठिपके पूर्ण गेले. त्या आपोआप बटणाच्या पोटात 'डाग काढणे' असंही एक काम आहे, ते पहिल्यापासून चालू असतं. त्याला गोंदण हा डाग वाटला. दोष मी सॉफ्टवेअरला देणार नाही. तिथं बंद करायची सोय होती, मी पोटात बघितलं नाही.

म्हणजे आत्या, आजींना बरोबर दिसलं. तुम्हा-आम्हा सगळ्यांपेक्षा बरोबर. त्यांच्या हातात त्यांच्याच चेहऱ्याची, पण कमी सुरकुत्यांची आणि बिनगोंदणाची बाई होती. अशी बाई त्यांनी आयुष्यात एकच पाहिली होती. त्या बोटानं चाचपत होत्या ते कपाळ असणार. ख बघून "ही मी" म्हणाल्या, कारण ती त्याच होत्या. काळ्या असल्या तरी.

मला दिवाळीतलं आणखी एक आठवलं. फोटोसाठी मी त्यांना पदर थोडा मागे घ्यायला सांगितला, तेव्हा कपाळावर बोट ठेवून म्हणाल्या होत्या, "हे येऊ दे बरं का. ह्यांच्या माघारी कुकू पुसलं समद्यांनी. गोंदन पुसाया कुनाला आलं नाय." मी हो म्हटलं होतं.

फाइल बघितली तेव्हाच फोन करणार होते. पण तू स्पीकर लावतेस, आणि आजी आतच असतात. त्यांच्याविषयी त्यांना ऐकू जाईल असं, आणि त्यांना न विचारता, आता काही बोलायला नको. म्हणून हे स्पीड पोस्टानं. सोबत कपाळाचे दोन मोठे तुकडे छापून पाठवते, एक मूळ, एक क मधला. राजेंद्रमामांना उन्हात दाखव. समजावून सांगू नकोस, नुसते शेजारी ठेव.

सॉफ्टवेअरचं ठरलं. फुकटातलंच. ते चांगलं आहे म्हणून नाही, तशी दोन्ही चांगली आहेत. मला सगळं हातानं करावं लागतं ते बरं आहे. ऋतुराजला हे सगळं सांगितलं. तो पहिल्यांदाच काही टोमणा न मारता म्हणाला, "माझ्या आजीच्या पण हातावर होतं गं. फोनमधल्या फोटोत आहे का, बघतो." आणि बराच वेळ फोन चाळत बसला.

आता एकच प्रश्न उरला, आणि तो मला सुटत नाही. क चं काय करायचं? तो सत्यभामाबाईंचा फोटो नाही. पण त्यांचा दुसरा कुठलाच फोटो नाही, आणि त्यांना पाहिलेलं जगात एकच माणूस उरलंय, ते म्हणतं ही तीच. परत मागायचा हक्क मला आहे असं वाटत नाही. तसाच पेटीत राहू देणं म्हणजे आजोबांचा कोट. कुणी घातला ते न सांगता घातलेला.

म्हणून मी लॅपटॉप घेऊन येते. ओसरीवर, उन्हात, आजींच्या डाव्या डोळ्याजवळ धरीन. त्यांच्यासमोर एकेक ठिपका पुसेन आणि एकेक परत आणीन. हा फोटो कसा झाला ते त्यांना कळू दे. कळल्यावरही तो बहिणीचा म्हणून ठेवायचा असेल तर त्यांनी ठेवावा, आणि खाली कुणाचं नाव लिहायचं ते त्यांनीच सांगावं. भिंतीसाठी ख मी त्यांना हवा तेवढा उजळ करीन. हवा तेवढाच. "बस" म्हणाल्या की थांबेन.

रात्रीची राहीन. तीन नंबरची खोली रिकामी असेल तर ठेव, आणि तिची किल्ली मला आजींच्या हातून हवी आहे. तुझ्या हातून दिलीस तर घेणार नाही. चपला मी बाहेरच काढीन, पण आधी त्यांना ओरडू दे.

शिवजयंतीची सुट्टी आहे, मिरवणुकांनी रस्ते भरायच्या आत पहाटेची पहिली एसटी धरते. ओसरीवर ऊन असेपर्यंत पोहोचते. गुरुवारी, १९ फेब्रुवारीला.

तुझी,
तनुजा